ट्रफलचं मिश्रण पातळ का राहतं आणि फुटतं का

तू काकू म्हणून लिहिलंस, तर मीही अगं-तुगंच करते. तुझी अडचण आधी थोडक्यात मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. लेकीच्या वाढदिवसाला तुला घरी चॉकलेट ट्रफल, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचे मऊ गोळे, करायचे आहेत. पहिल्या खेपेला तू डार्क कंपाउंडचे, म्हणजे वनस्पती चरबीच्या चॉकलेटचे, तुकडे वाटीभर आणि टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम वाटीभर असं घेतलंस. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही ते श्रीखंडाइतकंच घट्ट झालं, वळताच येईना. दुसऱ्या खेपेला २०० ग्रॅम चांगलं डार्क चॉकलेट आणि १०० ग्रॅम क्रीम एकत्रच गॅसवर ठेवलंस, आणि मिश्रण फुटलं, म्हणजे दाणेदार होऊन वर तेल सुटलं. दोन्ही भांडी फ्रिजमध्ये आहेत, वाढदिवस रविवारी आहे आणि घरात थर्मामीटर नाही.

गेली एकोणीस वर्षं मी डोंबिवलीत घरी चॉकलेटचे वर्ग घेते. दर दिवाळीच्या आधी हेच दोन प्रश्न येतात, याच क्रमाने. तेव्हा तुझा हात वाईट आहे असं अजिबात समजू नकोस. व्हिडिओत तू पाहिलेलं क्रीम वेगळं आणि आपल्या दुकानात मिळणारं वेगळं, सगळा घोळ तिथेच आहे.

आधी भांड्यांचं बघू. दुसऱ्या भांड्यातलं मिश्रण हुंगून पाहा. जळका वास येत असेल तर ते सोडून दे, तो वास कशानेही जात नाही. वास चांगला असेल तर ते वाचतं. भांडं गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेव, मिश्रण हाताला कोमट लागेल इतपतच गरम होऊ दे आणि खाली उतरव. मग कोमट दूध एक-एक चमचा घालत मधोमध लहान गोल ढवळत राहा. चमचा चहाचा घे, आमटीचा नव्हे. पहिल्या चमच्याला काहीच होणार नाही, कदाचित आणखी वाईट दिसेल. दुसऱ्या-तिसऱ्याला मधे एक चकचकीत गोळा दिसू लागेल आणि तो हळूहळू कडेपर्यंत पसरेल. तो दिसला की दूध थांबव. हँड ब्लेंडर असेल तर त्याचं टोक मिश्रणात पूर्ण बुडवून अर्धा मिनिट फिरव, म्हणजे हवा आत जाणार नाही.

फुटलेल्या चॉकलेटमध्ये दूध घालायचं हे ऐकून बायका घाबरतात, कारण चॉकलेटला पाण्याचा थेंब लागू देऊ नये असं आपण ऐकलेलं असतं. ते नुसतं चॉकलेट वितळवताना खरं आहे. कोरड्या पिठाला दोन थेंब पाणी लागलं तर गुठळ्या होतात, पण पुरेसं पाणी घातलं की छान सरबरीत होतं, तसंच हे. चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणाला गनाश म्हणतात. त्यात चॉकलेटची आणि क्रीमची चरबी अगदी बारीक थेंबांच्या रूपात क्रीममधल्या पाण्यात सामावलेली असते. तू थेट आचेवर ठेवलंस तेव्हा मिश्रण फार तापलं आणि थोडं पाणी वाफ होऊन गेलं. चरबीला सामावून घ्यायला पाणी उरलं नाही, म्हणून ती तेलासारखी वर आली. गेलेलं पाणी दुधाच्या रूपात परत दिलं की ती पुन्हा आत जाते.

रविवारचे ट्रफल तू याच भांड्यातून कर. पहिल्या भांड्यातलं, पातळ राहिलेलं, ट्रफलसाठी वाचवायच्या मागे लागू नकोस. अंदाज बघ: वाटीभर क्रीम म्हणजे साधारण १५० ग्रॅम. त्याला एकूण साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास चॉकलेट लागेल, आणि त्यात आत्ता शंभरेक ग्रॅम असेल. म्हणजे आणखी अडीचशे ग्रॅम विकत आणावं लागेल, तेही कंपाउंडच. त्यापेक्षा ते थोडं कोमट करून वाढदिवसाच्या केकवर ओत, किंवा आइस्क्रीमवर घाल. त्यासाठी ते आत्ताच अगदी योग्य आहे.

आता पुढच्या खेपेसाठी मूळ गोष्ट. युरोप-अमेरिकेतल्या कृतींमध्ये जे क्रीम असतं त्यात साधारण ३५ टक्के स्निग्धांश असतो. आपल्याकडे टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांचं असतं. हा फरक फक्त चरबीचा नाही. चरबी कमी म्हणजे पाणी जास्त. १०० ग्रॅम जाड क्रीममध्ये साधारण ६० ग्रॅम पाणी असेल, तर आपल्या क्रीममध्ये ते ७० च्या जवळ जातं. ट्रफल घट्ट होतो तो चॉकलेटमधलं कोको बटर, म्हणजे कोकोची स्वतःची चरबी, गोठल्यामुळे आणि कोकोचे बारीक कण पाणी शोषून घेतात त्यामुळे. दोन्हींना झेपेल त्यापेक्षा पाणी जास्त झालं की फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवलंस तरी ते वळणार नाही. म्हणून परदेशी कृतीत २०० ग्रॅम डार्क चॉकलेटला १०० ग्रॅम क्रीम लिहिलेलं असेल तिथे मी आपलं क्रीम ८५ ग्रॅमच घेते आणि कमी पडलेली चरबी १२ ते १५ ग्रॅम बिनमिठाच्या लोण्याने भरून काढते. माझ्या सगळ्या कृतींचा पाया हाच आहे: २०० ग्रॅम चॉकलेट, ८५ ग्रॅम क्रीम, १५ ग्रॅम लोणी. यात १२ ग्रॅमचे साधारण २५ ट्रफल होतात.

आणि हे वजन काट्यावर कर. मी एवढ्या एकाच गोष्टीसाठी हट्ट धरते. वाटीत चॉकलेटचे मोठे तुकडे पडले तर मधे पोकळी राहते, किसलेलं असेल तर तीच वाटी वेगळंच वजन धरते. लाडवात अंदाज चालतो, कारण सैल वाटलं तर बेसन आणखी भाजून घालता येतं. इथे दहा-पंधरा ग्रॅम क्रीम इकडचं तिकडे झालं की ट्रफल सैल पडतो. तीन-चारशे रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घे, तो पोळीच्या पिठापासून केकपर्यंत सगळ्याला कामी येईल. थर्मामीटरवाचून मात्र चालतं, ते पुढे सांगते.

व्हिपिंग क्रीम घ्यायचं तर डबा नीट वाच. केकवर फुलवायचं जे पांढरं क्रीम फ्रोझन मिळतं ते बहुतेक वेळा दुधाचं नसतं, वनस्पती तेल आणि साखर असते. त्याचा गनाश चवीला गोडमिट्ट होतो आणि तोंडात विरघळत नाही. घरच्या सायीचं विचारशील म्हणून आधीच सांगते: म्हशीच्या दुधाची दोन दिवसांची ताजी, गोड साय चालते. ती मिक्सरमध्ये मात्र फिरवू नकोस, लोणी निघेल. थोड्या कोमट दुधात सैल करून चाळणीतून चमच्याने दाबून गाळ आणि मग वजन कर. अशा सायीचे ट्रफल चवीला फार सुंदर लागतात, पण दोन-तीन दिवसांतच संपवायला हवेत. लोणीही घरचं चालेल, मात्र आंबट ताकाचं नको आणि पाणी पूर्ण निथळलेलं हवं. तुपाच्या वाटेला जाऊ नकोस. ते गार झाल्यावर रवाळ होतं आणि त्याचा वास चॉकलेटच्या पुढे उभा राहतो.

चॉकलेट कोणतं, याबद्दल माझं मत ठाम आहे. ट्रफलमध्ये तीनातले दोन भाग चॉकलेट असतं. ते जसं असेल तसाच ट्रफल होणार. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती तेलाची घट्ट चरबी असते. कोको बटर साधारण ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि आपलं तोंड ३७ अंशांचं. त्यामुळे खरं चॉकलेट जिभेवर ठेवताच पाघळतं. कंपाउंड टाळूला मेणासारखं चिकटून राहतं. आतल्या गनाशसाठी वेष्टणावर कोको बटर लिहिलेलं आणि हायड्रोजनेटेड चरबी न लिहिलेलं चॉकलेट घे. ५० ते ५५ टक्क्यांचं घे, मुलांना तेच आवडतं. किराणा दुकानात मिळणारं अमूलचं ५५ टक्क्यांचं डार्क अगदी छान चालतं, त्यासाठी क्रॉफर्ड मार्केट गाठायची गरज नाही. सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या चॉकलेटने सुरुवात करू नकोस. ते जास्त घट्ट होतं, सहज फुटतं आणि दहा वर्षांची मुलं ते थुंकून टाकतात.

मिल्क चॉकलेटला क्रीम आणखी कमी लागतं. २०० ग्रॅमला ६५ ते ७० ग्रॅम, आणि पांढऱ्याला ५५ ते ६० ग्रॅम पुरतं. त्यांत कोको कमी असल्यामुळे पाणी शोषायला कुणी नसतं. हे प्रमाण डार्कचा हात बसल्यावर कर.

आता करायची रीत. चॉकलेट सुरीने बारीक चीर, तुरीच्या डाळीएवढं. जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटं पाणी तापत ठेव, त्यावर काचेचा किंवा स्टीलचा बोल असा बसव की त्याचं बूड पाण्याला टेकणार नाही. त्यात चॉकलेट अर्धवट वितळलं की बोल खाली उतरव आणि बूड फडक्याने कोरडं कर. बऱ्याच कृतींमध्ये न वितळलेल्या चॉकलेटवर गरम क्रीम ओतायला सांगतात. मोठ्या प्रमाणात ते ठीक आहे, पण आपण ८५ ग्रॅमच क्रीम घेतोय. एवढ्याशा क्रीमची ऊब थंड बोलच खाऊन टाकतो आणि तळाशी तुकडे राहतात. मग आपण ते पुन्हा आचेवर ठेवतो आणि तिथेच मिश्रण फुटतं.

क्रीम वेगळ्या भांड्यात मंद आचेवर ठेव. कडेने बुडबुडे दिसू लागले, वाफ आली, की बंद. खळाखळा उकळू देऊ नकोस, पाणी उडून वजन बदलतं. ते चॉकलेटवर ओत, वर ताटली झाक आणि दोन मिनिटं हात लावू नकोस. ही दोन मिनिटं कुणालाच निघत नाहीत, वर्गात मी चक्क घड्याळ समोर ठेवते. मग रबरी स्पॅच्युला घेऊन मधोमध लहान गोल फिरव. भसाभसा ढवळू नकोस, फेटू तर अजिबात नकोस. मधे चकाकी दिसली की गोल मोठा कर. शेवटी लोणी, तेही मिश्रण कोमट झाल्यावर. थर्मामीटर नाही म्हणालीस ना, तर एक थेंब खालच्या ओठाला लाव. ओठ नाजूक असतो, तिथे चटका लागला तर थांब; ना गरम ना गार, जेमतेम ऊब जाणवली की लोण्याची वेळ झाली.

हे मिश्रण बोलमध्येच ठेवू नकोस. ताटलीत प्लास्टिकची फिल्म घालून बोटभर जाडीचा थर पसर आणि वरून फिल्म अगदी मिश्रणाला टेकवून झाक, म्हणजे साय धरत नाही. खोलीत गारवा असेल, डिसेंबर-जानेवारी असेल, तर चार-पाच तास बाहेरच ठेव. सावकाश गोठलेला ट्रफल जास्त मऊ लागतो. एरवी आपल्याकडे, विशेषतः मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत, अर्धा तास बाहेर आणि मग दोन तास फ्रिजमध्ये. फ्रीझरमध्ये घाई करू नकोस. कडा दगड होतात आणि मधला भाग तसाच राहतो.

वळताना आपली लाडवाची सवय आड येते. बेसनाचा लाडू मुठीत दाबून वळायचा असतो, दाबल्याशिवाय तो धरत नाही. ट्रफल दाबला की तळहाताची ऊब लागून तो वितळायला लागतो. चमच्याने बारा ग्रॅमचा तुकडा काढ, आधी सगळे तुकडे काढून पुन्हा पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेव. मग हात गार पाण्याखाली धर, खडखडीत पुस, तळव्याला चिमूटभर कोको लाव आणि बोटांच्या पेरांनी तीन-चार वेळा फिरव, बस. वाकडातिकडा राहिला तर राहू दे. जमिनीखाली उगवणारी ट्रफल नावाची बुरशी असते, ओबडधोबड, मातीने माखलेली. हे नाव तिच्यावरूनच आलं आणि वरचा कोको म्हणजे तिची माती. गुळगुळीत गोल दिसावा असा याचा मूळ हेतूच नव्हता.

कोको पावडर बिनसाखरेची घे, ड्रिंकिंग चॉकलेट नको. परातीत पाव इंच कोको पसर, ट्रफल त्यात घोळव आणि चाळणीत हलक्या हाताने हलवून जास्तीचा झटक. लेकीच्या मैत्रिणींना नुसता कोको कडू लागेल. त्यांच्यासाठी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस, पिस्त्याची भरड किंवा शेंगदाण्याच्या चिक्कीचा चुरा घे. चिक्कीचा चुरा मला स्वतःला सगळ्यांत आवडतो, पण तो त्याच दिवशी लाव, दुसऱ्या दिवशी ओलावा धरून चिकट होतो. शाळेतली मुलं येणार असतील तर शेंगदाणा-पिस्त्याची कुणाला ॲलर्जी आहे का ते आईबाबांना आधी विचारून घे.

वरून कडक कवच हवं असेल तर मी तुला कंपाउंडच सांगेन, आणि यात मला माझ्या वरच्या बोलण्याशी विसंगती वाटत नाही. खऱ्या चॉकलेटला चकाकी आणि कडकडीतपणा यावा म्हणून ते टेम्पर करावं लागतं. डार्क असेल तर ४५ अंशांवर वितळवायचं, २७-२८ पर्यंत गार करायचं, पुन्हा ३१-३२ वर आणायचं. ते न करता बुडवलं तर वर पांढुरके डाग येतात आणि हाताला लागतं. थर्मामीटर आणि गार खोलीशिवाय हे शिकण्यात अर्थ नाही. कंपाउंड वितळवलं की झालं, आणि पातळ थर असल्यामुळे त्याचा मेणचटपणा फारसा जाणवत नाही. मात्र ट्रफल फ्रिजमधून काढल्या काढल्या बुडवू नकोस. आतला गोळा ऊब धरून किंचित फुगतो आणि कवचाला तडा जातो. दहा मिनिटं बाहेर ठेव. तळहातावर थोडं कंपाउंड घेऊन आधी एक पातळ थर चोळून लाव, तो वाळला की काट्याने बुडव. दोन थरांचं कवच क्वचितच फुटतं.

स्वादाबद्दल थोडक्यात. नागपुरी संत्र्याची साल किसून क्रीममध्ये घाल, फक्त नारिंगी भाग, पांढरा कडू असतो. क्रीम गरम करून झाकून वीस मिनिटं ठेव, गाळ आणि पुन्हा वजन कर. कमी भरलं तर ८५ होईपर्यंत क्रीम घाल. वेलची, सुंठ, भरडलेली कॉफी यांचं हेच तंत्र. झटपट कॉफी असेल तर गरम क्रीममध्ये एक छोटा चमचा विरघळवली की पुरे. गुलकंद मिश्रणात ढवळू नकोस, त्याच्या पाकाने सगळं सैल होतं. वळताना मधे मुगाएवढा ठेव.

ठेवण्याबद्दल मी थोडी जास्त बोलते, कारण इथे मला मोठा फटका बसलेला आहे. सुरुवातीच्या वर्षांत मे महिन्यातल्या एका साखरपुड्यासाठी दोनशे ट्रफल केले होते. सगळे एकसारखे, कोकोत घोळवलेले. हॉलवर नेऊन फ्रिजमधून काढलेले डबे लगेच उघडले आणि चांदीच्या तबकात मांडले. पंधरा मिनिटांत प्रत्येक ट्रफलला घाम फुटला, कोको ओला काळा झाला आणि खाली चिखल साचला. आत काहीही बिघडलेलं नव्हतं. थंड वस्तू दमट हवेत आली की हवेतलं पाणी तिच्यावर जमतं, पाण्याच्या गार बाटलीवर जमतं तसंच. मुलीच्या आईचा चेहरा मला आजही आठवतो.

तेव्हा तुझे ट्रफल शनिवारी संध्याकाळी वळून ठेव, घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, आणि डबा कांदा-लसणाच्या कप्प्यापासून लांब ठेव. क्रीमचे म्हणून ते आठवड्यात संपव. रविवारी केक कापायच्या अर्धा तास आधी डबा बाहेर काढ आणि झाकण न उघडता तसाच ठेव, म्हणजे घाम डब्याला बाहेरून येईल. त्या डब्याचा बाहेरचा ओलावा वाळला की उघड, ताज्या कोकोत एकदा पुन्हा घोळव आणि मग ताटलीत मांड. पंखा जोरात असेल तर ताटली त्याच्या खाली नको, कोको पाहुण्यांच्या कपड्यांवर उडतो.